ताबा लवकरच

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बसता येत नाही. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. गुडघे माझे दुखतात, त्यांचे ठणठणीत आहेत. बसायची सवयच मोडली आहे त्यांची. कुणाकडे गेलो की मी आधी खुर्ची शोधते, आणि या बाई भिंतीशी हात बांधून उभ्या. ‘अहो, बसा ना’ म्हटलं की म्हणतात, ‘असू दे, बरी आहे मी.’ घरची बाई बिचारी ओशाळते आणि माझं डोकं फिरतं. कारण सांगायला गेलं तर लोक हसतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं होतं. आज सांगते, हसायचं त्याने हसावं.

आम्ही दोघी एकाच घरात नांदलो. घर कसलं, एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीच्या मधोमध कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे त्या. घराला दार एकच, बाहेरचं. त्यामुळे घरात भांडण झालं तरी दार आपटायची सोय नव्हती, नुसतं तोंड फिरवून बसायचं. पुतणी लहानपणापासून ओट्याखाली झोपायची. ती मोठी झाली, तिचे पाय ओट्याबाहेर यायला लागले, तरी तिथेच. आणि थोरले दीर, भाऊजी, बाहेरच्या दाराशी. रात्री ज्याला बाहेर जायचं असेल त्याने त्यांना ओलांडून जायचं. आमच्या ह्यांनी एकदा झोपेत त्यांच्या पोटावरच पाय दिला होता. भाऊजी ओरडले नाहीत. म्हणाले, ‘तिकीट काढलंस का?’ बसच्या डेपोत रंगारी होते ते. असले विनोद त्यांच्या खिशात तयार असायचे.

तर शहरात एक नियम होता. कुणाला मोठी इमारत बांधायची असेल तर त्याने थोडी घरं बेताच्या मिळकतीच्या माणसांसाठी बांधायची आणि त्यांना परवडेल अशा किमतीत द्यायची. कुणाला द्यायची ते सोडत काढून ठरायचं. आम्ही दोन्ही घरांनी नाव घातलं. आमचं लागलं नाही. जाऊबाईंचं लागलं.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. मग आनंदही झाला, कारण ते गेले की कपाट भिंतीला लावता येणार होतं. त्या दिवशी भाऊजी जमिनीवर खडूने नव्या घराचा नकाशा काढून बसले. दोन खोल्या, मध्ये दार. लावता येणारं, आतून कडी असलेलं दार. ‘इथे पलंग,’ ते म्हणाले, ‘आणि आत्ताच सांगून ठेवतो, भिंतीकडची बाजू माझी. आयुष्यभर लोकांनी ओलांडलं मला. आता कुणाच्या बापाला ओलांडू देणार नाही.’ जाऊबाई हसल्या होत्या. त्यांचं ते हसणं मला आठवतं, म्हणून मुद्दाम सांगते. त्या आधी हसायच्या.

घर कधी मिळणार, एवढंच नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. कंपनीने पुढे रस्त्याला लागून उंच टॉवर उभा करायला घेतला. मागच्या कोपऱ्यात आमच्या लोकांसाठी छोटी इमारत. तिचा पाया घातला, खांबांच्या सळया वर काढल्या आणि काम थांबलं. विचारायला गेलं की ‘पुढच्या टप्प्यात’. जाऊबाई दर आठवड्याला कंपनीच्या ऑफिसात जायच्या. तिथे घरं विकणारा एक मॅनेजर होता, गळ्यात सदा टाय. त्याला आम्ही घरात टायवालाच म्हणायचो. माणूस गोड. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. एक दिवस म्हणाला, ‘मावशी, तुम्ही नाहीतरी सारख्या येता. इथेच काम का करत नाही?’

आणि जाऊबाईंनी धरलं काम! मी कपाळाला हात लावला. ज्याच्याकडे आपलं घर मागायचं त्याच्याच दारात झाडू मारायचा? तर म्हणाल्या, ‘डोळ्यासमोर राहिलं म्हणजे विसरणार नाहीत.’

काम होतं नमुना घर राखायचं. टॉवरमधली घरं तयार व्हायची होती. तोवर गिऱ्हाइकाला दाखवायला खालच्या मजल्यावर एक घर सजवून ठेवलेलं. मी एकदा बघून आले. टोपलीत फळं प्लास्टिकची. पुस्तकांच्या जागी नुसते खोके, वर कागद चिकटवलेला. फ्रिज बंद. नळ चकाचक, पण त्याला पाणी नाही. पलंग नेहमीच्यापेक्षा आखूड करून घेतलेला, म्हणजे खोली मोठी दिसते. आणि आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, चौकटी नुसत्या. दार असलं की जागा खातं म्हणे. मी म्हटलं, जाऊबाई, हे तर आपलंच घर झालं की, दारं नाहीत आणि पाय पलंगाबाहेर! त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

त्यांनी रोज धूळ पुसायची, वास फवारायचा. केक भाजल्यासारखा वास बाटलीत मिळतो, तो. गिऱ्हाईक आलं की दारात हात बांधून, हसून उभं राहायचं. कुणी पलंगावर बसून उठलं की मागोमाग चादर सारखी करायची. आणि स्वतः कुठे म्हणजे कुठे बसायचं नाही, गादीला खळगा पडतो. विचारलं की काय बोलायचं तेही टायवाल्याने घोटून घेतलं होतं. हवा छान येते. शेजार चांगला आहे. आणि घर कधी मिळणार असं विचारलं तर, ‘ताबा लवकरच.’

झोपायच्या खोलीला एक खिडकी मागच्या बाजूला होती. तिला जाड पडदा. तो कधी उघडायचा नाही, ही सक्त ताकीद. कारण तिकडे त्या गंजलेल्या सळया दिसायच्या आणि सळयांवर वाळत घातलेले मजुरांचे कपडे. म्हणजे जाऊबाईंचं घर पडद्यापलीकडे होतं आणि पडदा नीट लागलाय ना, हे रोज बघायचं काम त्यांचं. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. त्या जेवल्या. ‘काम आहे ते,’ म्हणाल्या.

वर्षं गेली. किती ते मोजत बसत नाही, मोजलं की पित्त उठतं. तेवढ्या काळात पुतणीचं लग्न झालं, सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाळंतपणानंतर तिला आईकडे यायचं होतं. तिने फोनवर विचारलंही, ‘आई, येऊ का गं?’ जाऊबाई ओट्याकडे बघत राहिल्या. ओट्याखाली ओली बाळंतीण आणि तान्हं कुठे ठेवणार? म्हणाल्या, ‘घर मिळू दे, मग ये. लवकरच मिळेल.’ पोरगी ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर ती यायची ती दुपारची यायची आणि दिवेलागणीला निघायची. मुक्कामाचं तिने पुन्हा काढलं नाही, आणि जाऊबाईंनीही काढलं नाही. पण घरात नवी चादर आली की त्या ती घडी न मोडता ट्रंकेत टाकायच्या. म्हणायच्या, ‘ती राहायला येईल तेव्हा.’

कामाची सवय घरी आली होती. जेवून कुणी उठलं की जाऊबाईंचा हात सतरंजीवर. भाऊजी चेष्टा करायचे, ‘माझ्यावरूनही फिरव एकदा, मलाही सुरकुत्या पडल्यात.’ मग भाऊजींना खोकला लागला. रंगाने छाती धरली म्हणाले डॉक्टर. दाराशी गार लागतं म्हणून आम्ही त्यांना कपाटापाशी हलवलं, पण भिंत काही तिथेही नव्हती. ते गेले तेव्हा मी तिथेच होते. माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. मी रडत होते, आमचे हे रडत होते. जाऊबाई वाकल्या आणि त्यांनी अंथरुणाची चादर दोन्ही हातांनी सारखी केली. कोपरे ओढले. मग हात बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या.

तेव्हापासून त्या अशाच. रडणं नाही, भांडणं नाही. भाजीत मीठ विसरलं तरी बोलत नाहीत, जास्त पडलं तरी बोलत नाहीत. मी मुद्दाम खोड्या काढून बघितल्या. एखाद्या माणसाला निदान राग यावा ना हो? काही नाही.

आणि मग नियम बदलायचं निघालं. शहराची समिती म्हणाली, परवडणारी घरं आणखी जास्त हवीत. मागच्या कोपऱ्यात नकोत, आणि ‘नंतर’ तर मुळीच नको. जिथे कामं अर्धवट आहेत तिथे आधी या लोकांना घरं द्या, तोवर पुढच्या टॉवरमध्ये कुणाला राहायला जायची परवानगी नाही. हे ठरवण्याआधी सुनावणी होती. कुणीही यावं, बोलावं.

टायवाल्याने जाऊबाईंना बाजूला घेतलं. हा नियम झाला तर कंपनीला परवडणार नाही, म्हणाला, सगळं काम बंद. तुमची नोकरी गेली आणि घरही गेलं. त्यापेक्षा तुम्ही सुनावणीत येऊन दोन शब्द बोला. कंपनी चांगली आहे, जुना नियम ठीक आहे. तुम्ही बोललात की तुमच्या इमारतीचं काम लगेच सुरू करायला लावतो.

जाऊबाईंनी हे मला भांडी घासता घासता सांगितलं. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

‘आणि तुम्ही बोलणार?’

‘बोलेन. सांगितलंय ना त्यांनी.’

‘अहो, या माणसांनी तुम्हाला किती वर्षं झुलवलं! भाऊजी गेले त्या दाराशी झोपून झोपून!’

‘ओरडू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘मला घर हवंय. पोरगी एकदा राहायला आली पाहिजे. मग काय व्हायचं ते होऊ दे.’

मी ब्लाउज उसवून-शिवून देणारी बाई. मला घर देता येत होतं थोडंच? पण त्यांना एकटीला सोडायचं माझ्या जिवावर आलं. मी शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं आणि बरोबर गेले.

मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, मधूनच किंचाळणारा माइक. समोर टेबलामागे समिती, मधोमध अध्यक्षबाई. पिकलेले केस, चष्मा नाकावर. वकील बोलले, बिल्डर बोलले, एक कॉलेजातला माणूस बोलला तो मला काडीचा कळला नाही. मग जाऊबाईंना बोलावलं. टायवाला पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून.

जाऊबाई उभ्या राहिल्या. उभं राहणं तर त्यांच्या हातचा मळ. ‘कंपनी चांगली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘जुना नियम ठीक आहे.’ पढवल्याप्रमाणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मान खाली घातली. इतका संताप आला होता की खुर्चीचा हात मोडला असता.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर सारला. ‘बाई, तुम्हाला सोडतीत घर लागलंय ना?’

‘हो.’

‘मग कधी मिळणार आहे?’

आणि जाऊबाई हसल्या. ते नमुना घराच्या दारातलं हसणं. हात पुढे बांधले, मान जराशी कलती केली आणि म्हणाल्या, ‘ताबा लवकरच.’

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. जाऊबाईंना कळलंच नाही काय झालं ते. वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारला की तोंडातून हेच बाहेर पडत आलेलं. स्वतःच्या घराबद्दल विचारलंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. ‘आत्ता तिथे काय आहे?’ त्यांनी विचारलं. ‘तुमच्या घराच्या जागेवर?’

जाऊबाईंनी विचार केला. ‘पडदा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तो उघडायचा नाही.’

मग कुणी हसलं नाही. टायवाल्याने पाय खाली घेतला. जाऊबाई मला म्हणाल्या, ‘झालं ना? चल,’ आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यात मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, ‘घाम आलाय तुझ्या हाताला.’ बस्स, एवढंच.

आता असं समजू नका की जाऊबाईंच्या एका वाक्याने नियम झाला. समितीतले बरेचसे आधीच मनाशी ठरवून आले असतील. पण नियम झाला. जाऊबाईंना दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणून निरोप आला. मी दोन दिवस टायवाल्याच्या नावाने बोटं मोडली. त्या मात्र सकाळी उठून, आवरून, आमच्याच खोलीत भिंतीशी उभ्या राहायच्या. शेवटी मी त्यांच्या हातात कात्री दिली. म्हटलं, उभं राहूनच कापड कापा, काहीतरी होईल. त्या कापायला लागल्या. सरळ कापायच्या, एक सूतही वाकडं नाही.

कंपनीने काम बंद केलं नाही. कसलं बंद करतात! पुढच्या टॉवरमधली घरं ज्यांनी घेतली होती त्या साहेबलोकांना राहायला जायची परवानगी मिळेना, आमची घरं झाल्याशिवाय. मग काय, तेच लोक कंपनीच्या उरावर बसले. ज्यांना खिडकीतून आमचं तोंड दिसायला नको होतं, ते गाड्या घेऊन आमच्या भिंती किती चढल्या ते बघायला यायला लागले. ‘यांची घरं आधी द्या हो!’ मी हे कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. भाऊजी असते तर त्यांनी यावर महिनाभर विनोद केले असते.

इमारत झाली. किल्ली मिळाली. जाऊबाईंची एक ट्रंक, भांडी, भाऊजींचा रंगाचा एक ब्रश. आमच्या ह्यांनी टेम्पोतून सामान नेलं आणि वाटेत पलंग विकत घेऊन तोही पोचवला. मी दुकानदाराला ठणकावून सांगितलं होतं, पूर्ण लांबीचा पाहिजे. आतल्या खोलीला दार होतं, कडी होती. मी ती चारदा लावून उघडून बघितली. जाऊबाई उभ्याच. ‘आवडलं का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘हवा छान येते.’ मला रडू यायचं ते राहिलं आणि चीडच आली. घरी आल्यावर आम्ही कपाट भिंतीला लावलं. इतकी मोकळी जागा झाली की रात्रभर मला झोप लागली नाही.

मग पुतणी राहायला आली. पोराला घेऊन, चांगली आठवडाभराची बॅग घेऊन. मी दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दुपारी जाऊन धडकले.

बेल वाजवायला गेले तर दार लोटलेलंच. आत पाऊल टाकलं आणि थबकले. जाऊबाई खाली बसल्या होत्या. अगदी फरशीवर, पाय पसरून, आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून.

‘काय झालं?’ मी घाबरूनच विचारलं. ‘चक्कर आली का?’

‘हळू बोल,’ त्या म्हणाल्या. ‘आत झोपलीत दोघं. दार लावून.’

मी शेजारी बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. आतून पोराने कूस बदलल्याचा आवाज आला की त्या मान जराशी कलती करून ऐकायच्या.

मग दार उघडलं. पुतणी डोळे चोळत बाहेर आली. ‘काकू, कधी आलीस?’ म्हणत माझ्या गळ्यात पडली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. पोरगं तिच्यामागे. मी आत डोकावले. पलंगावर ती ट्रंकेतली चादर, इतकी वर्षं घडीत राहिलेली, नुसती चोळामोळा झालेली. उशीवर पोराची लाळ. माझा हात सवयीने पुढे गेला.

‘लावू नकोस हात.’ जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. चादर विस्कटलेली होती ती अलीकडे. मायलेकरं पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपली होती. भिंतीकडची अर्धी बाजू सपाट, एक सुरकुती नाही.

‘अहो, एवढा मोठा पलंग, आणि पोरं कडेला का झोपवलीत? पडेल ना पोरगं!’

‘मीच सांगितलं तिला,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘भिंतीकडे सरकू नका म्हणून.’